आरोपीची मातृभाषा

युद्धातल्या गुन्ह्यांचा निवाडा करण्यासाठी काही देशांनी मिळून एक न्यायपीठ स्थापन केलं होतं. आरोपीला आरोप त्याच्या मातृभाषेत समजावून सांगावेत, हा त्याचा पहिला नियम. नियम चांगलाच होता. पहिल्याच तारखेला आरोपी सेनापतींनी कानामागे हात धरला आणि त्यांचे वकील उठले.

"माझ्या अशिलांची मातृभाषा म्हणजे त्यांच्या आईच्या खोऱ्यातली बोली. बाकी भाषांमध्ये त्यांना नुसता अर्थ कळतो. भावना पोचत नाहीत."

सेनापती बावीस वर्षं रेडिओवरून राजभाषेत तासतासभर भाषणं ठोकत आले होते. पण न्यायपीठाच्या संस्कृती विभागाने अभिप्राय दिला, की आरोप मनाला भिडले नाहीत तर न्याय एकतर्फी होईल. खोऱ्यातल्या भाषेचा दुभाषी शोधावा, असा हुकूम निघाला. आरोपपत्राप्रमाणे सेनापतींनी एका सकाळी जे खोरं रिकामं केलं, तेच हे खोरं.

त्या वेळी साक्षीदारांच्या खोलीत सुईणबाई बसल्या होत्या. खोऱ्यातली निम्मीअधिक पोरं त्यांच्या हातांवर जन्मली होती. त्या सकाळी त्या डोंगरापलीकडे एका बाळंतिणीकडे गेल्या होत्या, म्हणून वाचल्या. परतताना कड्यावरून त्यांनी सगळं पाहिलं. मग शहरातल्या इस्पितळात अकरा वर्षं आयाचं काम केलं, तिथली भाषा शिकल्या, आणि आता दोन विमानं बदलून ते पाहिलेलं सांगायला आल्या होत्या. वाटेत त्यांनी साक्ष मनातल्या मनात इतक्यांदा म्हटली होती की ती पाठच झाली होती.

निबंधक फाईल घेऊन आत आले.

"बाई, तुमची भाषा येणारं दुसरं कुणी आहे का?"

"होते ना. त्यांचंच तर सांगायला आलेय."

"तसं नाही. हजर राहू शकेल असं कुणी?"

"नाही."

"मग दुभाषी तुम्हीच." निबंधकांनी कागद पुढे सरकवला. "एक अडचण आहे. दुभाषी निःपक्षपाती लागतो. साक्षीदार निःपक्षपाती नसतो. तेव्हा साक्षीदारांच्या यादीतून तुमचं नाव काढावं लागेल."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर खटलाच उभा राहत नाही. तुमच्यावर सक्ती नाही."

"दुसरा पुरावा आहे ना?"

"भरपूर. ढीगभर छायाचित्रं आहेत. ती कशाची आहेत हे सांगणारं माणूस तेवढं कमी झालंय."

निदान खटला तरी चालू दे, असं म्हणून बाईंनी सही केली.

त्यांना काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर यंत्र चढवलं. पहिला आरोप त्यांनी आपल्या भाषेत सांगितला : "तू माणसं कोंडून जाळलीस." सेनापती वकिलांच्या कानाशी कुजबुजले आणि वकिलांनी लगेच हरकत घेतली. बाई अशिलाशी अरे-तुरे करतात.

"आमच्या भाषेत अहो-जाहो नाही," बाई म्हणाल्या. "आईला तू आणि देवालाही तूच."

गुन्हा सिद्ध होईपर्यंत आरोपी आदरार्थी बहुवचनास पात्र आहे, असं संस्कृती विभागाचं मत पडलं. समिती बसली. चार महिन्यांनी खोऱ्याच्या भाषेला तिचं पहिलं आदरार्थी सर्वनाम मिळालं. ते वापरण्याजोगा माणूस सध्या एकच होता. "आपण माणसं कोंडून जाळलीत," असं बाईंनी त्याला नम्रपणे सांगितलं.

मग सेनापती बोलले. त्यांची बोली लहान मुलासारखी अडखळत होती, क्रियापदं चुकत होती. पण दुभाष्याने चुका नव्हे, आशय पोचवायचा असतो. बाईंनी आशय सुधारून पोचवला. शिवाय नियमाप्रमाणे 'ते म्हणतात' असं म्हणायचं नव्हतं, 'मी' म्हणायचं होतं.

"मी त्या दिवशी खोऱ्यात नव्हते," बाई ध्वनिक्षेपकात म्हणाल्या.

"नव्हतो," निबंधकांनी खुणावलं.

"नव्हतो. मी कुणाला जळताना पाहिलं नाही."

त्या दिवशी खोलीवर परतल्यावर त्यांनी तीनदा चूळ भरली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेल्या. त्या गेल्या नसत्या तर सुनावणी तहकूब झाली असती.

शेवटच्या दिवशी सेनापतींचे वकील अगदी थोडक्यात बोलले. "खोऱ्यातली एकमेव हयात रहिवासी याच दालनात अकरा वेळा म्हणाली आहे, की मी कुणाला जळताना पाहिलं नाही. ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. तिच्या निःपक्षपातीपणाचं प्रमाणपत्र खुद्द न्यायपीठाने दिलेलं आहे." न्यायमूर्तींनी ध्वनिमुद्रण ऐकलं. आवाज बाईंचाच होता. उलट सांगणारा साक्षीदार एकही नव्हता. सेनापती सुटले.

भाषा आणि संस्कृतीचा एवढा मान आजवर कुठल्याच खटल्यात राखला गेला नव्हता, यावर सर्वांचं एकमत झालं. निकालानंतर मोठ्या सभागृहात सुईणबाईंचा सत्कार ठेवला. भाषेचे आश्रयदाते म्हणून सेनापती मंचावर होते. शाल पांघरून झाल्यावर सूत्रसंचालक म्हणाले, "बाई, आपल्या गोड भाषेत दोन शब्द बोला."

बाई उभ्या राहिल्या. आता त्या दुभाषी नव्हत्या, 'मी' म्हणजे पुन्हा त्याच होत्या. पाठ केलेली साक्ष त्यांनी पहिल्यापासून सांगायला घेतली. धान्याच्या कोठारात कोण कोण कोंडलं होतं, दाराला बाहेरून कडी कुणी घातली, कुणाची लेक खिडकीपर्यंत पोचली, हुकूम कुणी दिला. पुरी नऊ मिनिटं त्या बोलल्या. कुठे थांबल्या नाहीत, आवाजही चढवला नाही.

सभागृहात ते कळणारा एकच माणूस होता. तो मान खाली घालून बसला होता. 'मातृभाषेने हेलावलेले सेनापती' म्हणून ते छायाचित्र दुसऱ्या दिवशी सगळीकडे छापून आलं. बाई खाली बसल्या तेव्हा लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. पहिल्या रांगेतल्या एक बाई डोळे पुसत शेजारणीला म्हणाल्या, "अर्थ कळला नाही, पण काय नाद आहे हो."

त्या नऊ मिनिटांचं ध्वनिमुद्रण जगभर फिरलं. कुणीतरी त्याला मागे बासरी जोडली. लहान मुलं त्याने पटकन झोपतात, असा अनेक आयांचा अनुभव आहे. तुमच्याही फोनवर ते आलंच होतं. खाली ओळ होती : शांतपणे, डोळे मिटून ऐका. तुम्ही तसंच ऐकलंत.