बचावफळीतून खाजामियाँला काढलं

"आता गोल करून दाखवा म्हणावं! माझी बचावफळी म्हणजे उदगीरचा किल्ला हाय, किल्ला!" गुरुलिंगअप्पा भाकरी मोडता मोडता गरजले.

"काल सहा गोल खाल्ले किल्ल्यानं," गुरम्मा म्हणाल्या. "भाकरी खावा. लातूरची गाडी चुकल."

अप्पा एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले होते. जन्मभर गाड्या सोडल्या, आता सोडायला काहीच उरलं नव्हतं. दिवसभर ते गुरम्मांच्या स्वैपाकघराचं वेळापत्रक लावायला लागले, तेव्हा लेकीनं, दामिनीनं, त्यांच्या मोबाईलवर हॉकीचा एक खेळ टाकून दिला. ह्या खेळात पळायचं नसतं. आपण मॅनेजर. खेळाडू निवडायचे, त्यांना नावं द्यायची, कोण कुठं उभा राहील ते ठरवायचं. मॅच मोबाईल आपली आपण खेळतो. अप्पांनी मागच्या दोन बॅकना नावं दिली होती गुरुलिंग आणि खाजामियाँ. चाळीस वर्षांपूर्वी नांदेडच्या कॉलेजात हीच जोडी बॅकला उभी राहायची.

पण मोबाईलमध्ये खेळाडू दर आठवड्याला एक वर्षानं म्हातारा होतो. खाजामियाँ छत्तिशीला आला आणि त्याचा वेग घाटातल्या लाल डब्यासारखा झाला. अप्पांनी त्या सकाळी छातीवर दगड ठेवून त्याला संघातून काढलं आणि एक एकवीस वर्षांचा गडी आणला. मन भरून आलं. कुणाला तरी सांगावं म्हणून त्यांनी कॉलेजच्या जुन्या हॉकी संघाच्या ग्रुपवर लिहिलं, "आज सकाळी जड मनाने खाजामियाँला निरोप दिला. वय झालं होतं. बॅकची ती जागा आता कोण भरून काढणार!"

आपण मोबाईलवर खेळतो हे ग्रुपवर कुणालाच माहीत नाही, एवढी बारीक गोष्ट तेवढी ध्यानात यायची राहून गेली. मोबाईल खिशात घालून अप्पा डोळे तपासायला लातूरला निघाले.

दवाखान्यात डोळ्यांत थेंब पडले आणि जग दुधात बुडालं. तेवढ्यात फोन वाजला. औशाचा सिद्धलिंग, त्या संघाचा सेंटर फॉरवर्ड, अक्षरशः हंबरत होता.

"गुरल्या! आपला खाज्या गेला रे!"

"कवा?"

"आज सकाळी! ग्रुपवर आलंय. वाचलं न्हाईस का?"

अप्पांनी मोबाईल डोळ्यांना लावून बघितला. नुसता पांढरा उजेड! ते तिथंच बाकावर रडायला लागले. नर्स धावत आली. "काका, रडू नका! औषध वाहून चाललंय!"

"वाहू द्या, बाई," अप्पा म्हणाले. "माझा बॅक गेला."

तपासणी राहिली बाजूला. डोळ्यांवर काळा चष्मा चढवून, लोकांच्या आधारानं त्यांनी नांदेडची गाडी धरली. वाटेत गुरम्मांना फोन केला. त्याही रडल्या. नांदेडच्या स्टँडवर सिद्धलिंग आणि जुने तिघं भेटले. कुणी शाल आणली होती, कुणी गुलाबाचा मोठा हार. पाच म्हातारे दोन ऑटोंत कोंबून देगलूर नाक्याकडं, खाजामियाँच्या घरी निघाले.

"लई उशीर झाला," सिद्धलिंग म्हणाला. "माती मिळती का न्हाई, कुणास ठाऊक."

गल्लीत कसलीच गर्दी नव्हती. दार लोटलेलं होतं. आतून शिवणयंत्राची खडखड येत होती. अप्पांनी दार ढकललं आणि गळा काढला, "खाज्या रे!"

खडखड थांबली.

"कोन हाय?" गळ्यात टेप अडकवलेले खाजामियाँ चष्म्यावरून बघत होते. "गुरल्या? आन् हे सगळे... हार कुनाला?"

सिद्धलिंग मटकन खाली बसला. अप्पांनी पुढं होऊन खाजामियाँचा दंड चाचपला, मग गाल.

"तू हायस?"

"हाव! का रे, नसू का?"

एव्हाना अप्पांच्या डोळ्यांतला पांढरेपणा उतरला होता. "कुण्या नालायकानं ग्रुपवर टाकलं?" म्हणून ते तरातरा मोबाईल उघडायला लागले. सिद्धलिंगनं आधीच उघडला होता. त्यानं निरोप मोठ्यानं वाचला आणि सकाळी रडण्याच्या भरात न बघितलेलं, वरचं पाठवणाऱ्याचं नाव वाचलं. मग तो अप्पांकडं असा बघत राहिला, की अप्पांना काळा चष्मा परत लावावासा वाटला.

खेळ समजावून सांगायला अप्पांना बराच वेळ लागला. आधी चौघं चिडले, मग एकेक हसायला लागला. खाजामियाँ तर टेप गळ्यातून काढून हसले.

"चला, सुटलो!" अप्पा म्हणाले. "भाभींना बोलाव. त्यांचीबी माफी मागतो. दुपारची झोपमोड केली."

खाजामियाँचं हसू हळूहळू थांबलं.

"जोहरा न्हाई, गुरल्या. आठ महिने झाले."

सिद्धलिंगनं हातातला मोबाईल उलटा ठेवला.

"ग्रुपवर टाकलं होतं मी," खाजामियाँ म्हणाले. आवाजात राग नव्हता. "समद्यांनी हात जोडलेलं चित्र पाठवलं. तू अंगठा दाखवलास."

अप्पांना तो दिवस आठवेना. बहुतेक मॅच चालू असेल. मधे काहीतरी टिणकलं असेल आणि न वाचता बोट पडलं असेल. जिच्या हातचा खिमा त्यांनी लिंगायताच्या पोरानं खाऊ नये म्हणून कधी खाल्ला नाही, पण जिनं नवी नवरी असताना त्यांच्यासाठी दर मॅचला वेगळ्या भांड्यात खिचडी केली, ती बाई गेली आणि त्यांनी अंगठा दाखवला होता!

"मी येणार होतो..." सिद्धलिंग पुटपुटला. येणार तर सगळेच होते.

थोड्या वेळानं चौघं उठले. हार कुणी न्यावा हे कुणाला कळेना. खाजामियाँनीच तो घेतला. "असू दे. जुम्म्याला तिच्याकडं जातो तवा नेतो."

अप्पा मात्र हलले नाहीत. खाजामियाँ परत यंत्रापुढं बसले, पण पाय चालवला नाही.

"दाखव तुझा खेळ. मला का काढलंस?"

अप्पांनी मोबाईल पुढं धरला. खाजामियाँनी कालचा सहा गोलांचा निकाल बघितला.

"आन् तू? तुला काढलं न्हाईस?"

"मी कॅप्टन हाय."

"वा रे कॅप्टन! दोन्ही बॅक पुढं धाडतोस आन् मागं गोली एकटा. सहा न्हाई तर काय, बारा गोल होतील! एक बॅक पुढं गेला तर दुसऱ्यानं मागं थांबायचं. इसरलास?"

त्यांनी एकवीस वर्षांच्या गड्याला मागं ओढलं, हाफना आत घेतलं. मॅच सुरू झाली. दोघं म्हातारे त्या एवढ्याशा पडद्यावर डोकी लावून ओरडत होते. "अडव! अडव त्याला!" शेवटच्या मिनिटाला पेनल्टी कॉर्नर अडला आणि मॅच एक-शून्यानं जिंकली!

"शाब्बास!" खाजामियाँनी मांडीवर थाप मारली आणि आतल्या खोलीकडं तोंड करून आवाज दिला, "जोहरा, दो चाय!"

हात तसाच मांडीवर राहिला.

अप्पा उठले. त्रेसष्ट वर्षांत त्यांनी कधी चहा केला नव्हता. पण ते आत गेले. फळीवर सारखे डबे ओळीनं लावलेले, झाकणांवर धूळ. खाजामियाँ आठ महिने नाक्यावरच्या हॉटेलात चहा पीत होते. अप्पांनी एकेक डबा उघडला, काळं दिसलं ते दोन चमचे टाकलं, गल्लीतल्या दुकानातून आणलेलं पिशवीचं दूध ओतलं, ते उतू घालवलं, बोट भाजून घेतलं आणि दोन कप घेऊन बाहेर आले.

खाजामियाँनी पूर्ण कप संपवला. मग अप्पांनी घोट घेतला आणि तोंड वाकडं झालं.

"खाज्या, ही कसली पत्ती?"

"पत्ती न्हाई ती. कलौंजी हाय. लोणच्याची."

"मग सांगायचं न्हाई का, येड्या!"

खाजामियाँ रिकाम्या कपात बघत होते.

"आठ महिन्यांनी घरात चहा झाला," ते म्हणाले. "आनखी हाय का?"