मोईजची बिनदणक्याची धून

"ईडीएमनं चिप म्युझिकची पार वाट लावली," असं मोईज म्हणाला, तेव्हा जालिंदर त्याच्या दुकानात आपल्या डीजेचा बिघडलेला अ‍ॅम्प्लिफायर घेऊन बसला होता. दुरुस्तीला जुन्नरमध्ये मोईजसारखा हात नाही. फक्त अ‍ॅम्प्लिफायर सोडवून न्यायच्या आधी त्याची मतं ऐकून घ्यावी लागतात.

जुन्या व्हिडिओ गेममधल्या चिप काढून मोईज त्यांच्यावर धुना बांधायचा. ढोल नाही, गाणारा नाही. चिपमधून निघतील तेवढेच टिंगटिंग सूर. "पूर्वी हे सूर एकमेकांशी बोलायचे राव. आता जो तो त्यात तुमच्या डीजेवर वाजतो तसला ईडीएमचा दणका घालतो."

"दणका हाय म्हनून तर लोक ऐकत्यात," जालिंदर म्हणाला. "नुसतं तुझं ऐकलं तर वाटतं, मागून टेम्पो रिव्हर्स येतोय."

हे मोईजला फार लागलं. त्याची धून घरच्यांखेरीज कुणी बसून ऐकली नव्हती, आणि घरचेही ती ऐकताना टीव्ही बंद करत नसत. चारचौघांत ती एकदा वाजावी, आहे तशी, एवढीच त्याची इच्छा होती. दुरुस्तीच्या बदल्यात त्यानं तेच मागितलं.

जालिंदरच्या चुलत बहिणीची, हिराची, हळद निमगाव सावाला होती. "एक डाव लावतो," तो म्हणाला. "पन लोक नाचले न्हाईत, तर फुडच्या टायमाला दणका मी घालनार."

हळदीच्या दुपारी मांडवात धून सुरू झाली. नाचणारे थबकले. एकानं खिशातला मोबाईल काढून बघितला. "टेस्टिंग चाललंय व्हय?" हिराच्या आत्यानं, ठमाबाईनं विचारलं. मोईज स्पीकरच्या मागं सरकला.

तेवढ्यात शेजारच्या पडीक रानातून धुरळा उठला आणि जालिंदरच्या वडिलांची, धर्माजींची, सगळी मेंढरं मांडवात घुसली. त्यांनी झेंडूची तोरणं खाल्ली, हळदीचं पातेलं सांडलं, एक एडका तर नवरीआधी पिवळा झाला. हिरा खुर्चीवर चढून पोट धरून हसत होती.

मागून धापा टाकत धर्माजी आले. "कुनी वाजवलं ते?"

"मी, काका," मोईज पुटपुटला.

"आरं, ते तर मिठाचं गानं!"

झालं होतं असं, की मेंढरांच्या वाड्याजवळ बिबट्या येऊ नये म्हणून मोईजनंच ती धून बॅटरीवर वाजणाऱ्या एका डब्यात भरून धर्माजींना दिली होती. "बिबट्या काय रोज येतो का?" धर्माजी म्हणाले. "माझा घसा बसला व्हता, म्हनून मेंढरांना मीठ द्यायच्या वक्ताला त्योच डबा लावत गेलो. आता माझ्या हाळीला एक मेंढरू मान वर करत न्हाई, ह्ये वाजलं की पळत येत्यात."

आपली धून एवढ्या आतुरतेनं आजवर कुणी ऐकली नव्हती. मोईजला अभिमान वाटावा की लाज, हेच कळेना.

"थांबा, दणका लावतो, पळतील," जालिंदर म्हणाला.

"लाव लवकर!" हे खुद्द मोईज ओरडला.

दणका बसला. मेंढरं पळाली नाहीत. घाबरून स्पीकरच्याच आडोशाला दाटीनं घुसली. त्या रेटारेटीत वायर उपटली गेली आणि सगळं चिडीचूप झालं.

धर्माजींनी घोंगडीतून डबा काढला आणि मोईजच्या हातात कोंबला. "ह्यो घे आन वाड्याकडं चाल. मीठ तिथंच हाय."

मोईज डबा वाजवत निघाला. त्याच्यामागं मेंढरं, मेंढरांमागं मजा बघायला निघालेलं वऱ्हाड. मांडव मागं पडला तशी ती बारीक धून उघड्या रानात स्वच्छ ऐकू येऊ लागली. बोलणारे एकेक गप्प झाले. "ग्वाड हाय की गं," ठमाबाई हिराला म्हणाली. मोईजनं ते ऐकलं आणि चाल मुद्दाम सावकाश केली.

आणि मागून ठेका पडला. जालिंदरला राहवलं नव्हतं. तो हळदीची रिकामी परात बडवत होता. वऱ्हाडाचे पाय आपोआप उचलले, हिरानं पदर खोचला, ठमाबाईनं गिरकी घेतली.

मोईज जागीच थांबला आणि वळून बघू लागला. जालिंदरनं ओशाळून परात काखेत लपवली. नाच थांबला. फक्त मेंढरं मोईजला वळसा घालून पुढं जात राहिली.

"चुकलं राव," जालिंदर म्हणाला. "ऱ्हावलंच न्हाई."

मोईजनं डबा उंच धरला.

"थांबलास कशाला?" तो म्हणाला. "वाजव की. आन जरा जोरात."