अर्धा घोडा

गुलाबभौच्या जीपला हॉर्न होता, पण वाजवायची बंदी होती. समोर म्हैस आली की हा बाहेर मुंडकं काढून "हट्‌ वं माय, हट्‌!" असा बोंबलायचा. का? तर हॉर्नला बॅटरी लागते, बॅटरी भरायला डायनुमा लागतो आणि डायनुमा इंजिनचा दम खातो! म्हणून डायनुमाची तारच यानं काढून ठेवलेली. बॅटरी उतरली की गॅरेजमधून भरून आणायची.

मी खापरखेड्याच्या वीजघरात कामाला, हा माझा शेजारी. किती डोकं फोडलं त्याच्यापुढे! "अरे बाबा, साठ घोड्यांचं इंजिन तुझं. डायनुमा खाऊन खाऊन अर्धा घोडा खाईल!"

"पण तो अर्धा कोनाच्या अंगातून जाते गा?"

झालं! अस्सा संताप यायचा!

माझ्या बायकोची, सुमनची, नागपूरच्या एका शाळेत मुलाखत होती. अकराच्या आत पोचायचं, नाहीतर मास्तरणीची नोकरी हातची गेली. नेमकी एसटी चुकली आणि याच्या जीपमध्ये बसायची अवदसा मला आठवली. वाटेत रेल्वेचं फाटक लागलं. यानं इंजिन बंद केलं. फाटक उघडलं, यानं स्टार्टर दाबला, तर नुसतं टक्‌!

मागचे ट्रकवाले आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करू लागले. माझं टाळकंच सटकलं. "गुलाब्या, हिची नोकरी गेली ना, तर तुझी ही जीप कन्हानमध्ये नेऊन बुडवीन!"

सुमन बिचारी इस्त्रीच्या साडीचा पदर खोचून धक्का मारायला उतरू लागली. तसा तो माझ्यावर वरताण गरजला, "वैनी, बसा म्हनतो ना वर!"

मी मागून रेटा लावला, त्यानं एक हात स्टिअरिंगवर ठेवून खांदा लावला. पुढे उतार होता म्हणून निभावलं.

पोचलो वेळेवर. सुमन आत पळाली. आता याची हजेरी घ्यावी म्हणून मी वळलो, तर हाच माझ्यावर खेकसला.

"नोकरी लागल्यावर घरचा सयपाक कोन करन गा?"

"तीच करेल! चार पोळ्या टाकायला असं काय लागतं?"

"मीबी असाच म्हनत होतो. माही शांता बिडीच्या कारखान्यातून आली का चूल, पानी, माह्या मायचं दुखनं. मले वाटे, एवढ्याशानं काय होते? दवाखान्यात नेली, तं डॉक्टर माह्यावरच ओरडला. म्हने, बाईच्या अंगात रक्तच नाही, आजवर तू काय करून राह्यला होता?"

त्यानं स्टिअरिंगवर मूठ आपटली.

"काय सांगू त्याले? जेवून राह्यलो होतो!"