छपाईच्या वेळी खिडकीपाशी उभे राहणे

कार्यालयात नवा प्रिंटर आला आणि संगणकाने त्याला ओळख देण्यास साफ नकार दिला. ‘ड्रायव्हर सापडला नाही’ असा मजकूर पडद्यावर झळकला. साहेबांनी तो गंभीरपणे वाचला आणि “मग शोधा की!” असा तोंडी आदेश दिला.

शोधायला बसला आवक-जावक कारकून. बिचाऱ्याचा जीवच त्या यंत्रात अडकला होता. बायको आणि लेक जिथे राहत होत्या त्या गावी त्याची बदली मंजूर झाली होती. आदेश तेवढा छापून सही व्हायचा राहिला होता. लेक रोज फोनवर विचारायची, “बाबा, निघाला का कागद?”

त्याने सीडी घातली, ती संगणकाने बाहेर ढकलली. इंटरनेटवरून ड्रायव्हर उतरवला, तो भलत्याच मॉडेलचा निघाला. केबल काढून, फुंकर मारून पुन्हा खोचली. अखेर योग्य ड्रायव्हर मिळाला, पण हिरवी पट्टी सरकत सरकत शेवटाला आली आणि तिथेच ठाण मांडून बसली. कारकून वैतागून खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. त्याच वेळी टंकलेखिकाबाई कपाट उघडत होत्या आणि शिपाई जांभई देत होता. प्रिंटर एकदम खरखरला आणि चाचणीचा कागद बाहेर आला!

“हलू नका कुणी!” साहेब ओरडले. “जो जिथे आहे तो तिथेच!”

दुसऱ्या दिवशी परिपत्रक निघाले. छपाईच्या वेळी कारकुनाने खिडकीपाशी उभे राहावे, बाईंनी कपाट उघडावे, शिपायाने जांभई द्यावी. जांभई न आल्यास तसे लेखी कळवावे. शिपायाचा सकाळचा चहा बंद झाला आणि त्याऐवजी त्याला जांभई भत्ता मिळू लागला. डोहाळे पुरवावेत तशा लाडाने बाईंच्या कपाटाच्या बिजागऱ्यांना तेल घातले जाई. वरिष्ठ कार्यालयाला ही पद्धत फार आवडली. ज्या शाखांना खिडक्या नव्हत्या, त्यांनी भिंती फोडण्यासाठी निधी मागितला.

यथावकाश कारकुनाचा बदली आदेशही विधिपूर्वक छापून निघाला. तो हसतमुखाने सहीला गेला.

“अहो, तुम्ही गेल्यावर खिडकीपाशी कोण उभं राहणार?” साहेब पेनाला टोपण लावत म्हणाले.

“कुणीही राहील की, साहेब.”

“परिपत्रकात तुम्ही आहात. ‘कुणीही’ नाही.”

कारकुनाचं डोकंच फिरलं. “साहेब, खिडकीची गरजच नाही! ड्रायव्हर बसायला वेळ लागत होता, तेवढंच. हे बघा.” तो खुर्चीत बसला. बाईंना कपाट लावायला सांगितलं, शिपायाला तोंड मिटायला सांगितलं आणि बटण दाबलं. आदेशाची दुसरी प्रत सुरेख छापून बाहेर आली.

शिपायाचा चेहरा भत्त्याच्या विचाराने पडला. साहेबांनी प्रत उजेडात धरली, उलटसुलट पाहिली आणि टराटरा फाडली.

“विहित पद्धतीने छापलेली नाही,” ते म्हणाले. “आणि हो, उद्यापासून जरा ताठ उभे राहा. तुम्ही वाकता म्हणून शाई पुसट येते.”

संध्याकाळी फोन वाजला. “बाबा, निघाला का कागद?”

“निघाला गं बाळा. दोनदा निघाला. बाबाचंच निघायचं राहिलं.” आणि त्याला रडू आलं.

तुम्हाला हसू येतंय? येऊ द्या. पण तुमचा प्रिंटर रुसतो तेव्हा तुम्हीही तो बंद करता, जरा थांबता, पुन्हा चालू करता. का, ते तुम्हालाही ठाऊक नसतं. तेव्हा या, संकोच करू नका. खिडकीपाशी अजून एकाची जागा आहे.