भावी राजा काळोजी

एका जंगलात, बाळांनो, पिंगळराव नावाचा म्हातारा सिंह राज्य करत होता. त्याला मूलबाळ नव्हतं. म्हणून त्याने एके दिवशी काळोजी अस्वलाला बोलावलं आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "आजपासून हा भावी राजा!"

काळोजीला तो शब्द काही उमगेना. तो भारद्वाजशास्त्र्यांकडे गेला. जंगलात शब्दांचे अर्थ तेच सांगत.

"शास्त्रीबुवा, भावी म्हणजे काय हो?"

"जो होणार आहे, पण अजून झालेला नाही, तो भावी."

"आणि झाला की?"

"मग कसला भावी? मग नुसता राजा."

काळोजी हिरमुसला. "म्हणजे आत्ता मी कोणीच नाही म्हणा की!"

पण घरी येतो तर काय, दारात ही झुंबड! सांबराने मोहाची फुलं आणलेली. माकडांनी मधाचं अख्खं पोळं आणलेलं. कालपर्यंत त्याला 'ए झिपऱ्या' म्हणणारा कोल्हा आज त्याच्या पाठीवरच्या गोचिड्या काढायला बसला.

"उद्या राजे झालात की आम्हाला विसरू नका हं, काळोजीराव!"

गर्दी पिंगळरावाच्या गुहेतही होती. पण ती तक्रारींची. ओढा आटला, राजे झोपलेत का? गवत वाळलं, राजे करतात काय? बिचारा पिंगळराव खाली मान घालून ऐकून घेई.

काळोजीने हे पाहिलं आणि त्याला घामच फुटला. काही झालं तरी महाराज जगले पाहिजेत!

तो महाराजांचे पाय चेपू लागला. त्यांचे दात पडले होते, तर घास चावून भरवू लागला. पिंगळरावाचे डोळे भरून आले.

"थकलो रे, काळोजी. घे आता ही गादी."

"असं अभद्र बोलू नका, महाराज! तुमचं वय ते काय?"

"अरे, वयच झालंय!"

आणि एका सकाळी पिंगळराव गेला. काळोजी धाय मोकलून रडला. अगदी मनापासून रडला. मग त्याने डोळे पुसले, महाराजांना खडकाला टेकवून बसवलं आणि बाहेर येऊन सांगितलं, "महाराजांनी मौन धरलंय."

चार दिवसांनी ससा नाक दाबून म्हणाला, "काळोजीराव, आतून कसलासा वास येतोय हो."

काळोजीने त्याच्या खांद्यावर पंजा ठेवला. "ससोबा, तू आजपासून भावी प्रधान."

सशाने नाक सोडलं. छाती भरून श्वास घेतला. "अहाहा! चंदन का हो?"

संध्याकाळपर्यंत कोल्हा भावी सेनापती झाला, सांबर भावी खजिनदार झालं, आणि माकडं तर सगळीच भावी कोतवाल झाली. वास कोणालाच येईनासा झाला.

त्या जंगलात अजूनही पिंगळरावाचंच राज्य आहे. इतका शांतपणे ऐकून घेणारा राजा पूर्वी झाला नाही, असं सगळे म्हणतात.

तात्पर्य : वाट पाहणाऱ्याला फळ मिळतंच, बाळांनो. फक्त वाट संपू द्यायची नाही.