मुरलेला सॉस

ऑफिसात त्यांना सगळे बारकावे म्हणत. खरं आडनाव निराळंच होतं, पण कुठल्याही कागदावरचं शेवटचं, मुंगीच्या पायाएवढं अक्षर वाचल्याशिवाय ते सही करत नसत, म्हणून हे नाव पडलं. नव्या शिपायाने तर एकदा पाकिटावर सरळ 'श्री. बारकावे' असंच लिहिलं, आणि त्यांनीही ते पाकीट नीट वाचूनच घेतलं.

तर हे बारकावे एका रविवारी आम्लेट खात बसले होते. पेपर मुलीने पळवला होता. वाचायला दुसरं काहीच नाही, म्हणून त्यांनी टोमॅटो सॉसची बाटली उचलली, चष्मा कपाळावर सरकवला आणि मागचं लेबल डोळ्यांशी धरलं. (तेवढ्यात कुणी त्यांच्या हातात पेपर दिला असता, तर पुढचं सगळं टळलं असतं.)

"यात भोपळा आहे," ते म्हणाले.

"असू दे की. भोपळा चांगला असतो," बायको म्हणाली.

"चांगला असेल, पण त्याने भोपळा म्हणून यावं. टोमॅटोचं नाव लावून का यावं? आणि हा रंग बघ. नाव नाही, गाव नाही, नुसता आकडा."

"बाबा, तुम्ही मी जन्मायच्या आधीपासून तोच खाताय," मुलगी पेपरामागून म्हणाली.

"म्हणूनच आता पुरे. आजपासून या घरात बाहेरचा सॉस येणार नाही. मी करीन घरी."

बायकोने आपल्या आईकडे पाहिलं. सासूबाई गुडघ्याच्या उपचारासाठी राहायला आल्या होत्या, आणि जावयाच्या घरात आपण मध्ये बोलायचं नाही हे त्यांचं व्रत होतं. त्या आम्लेटाकडे बघत राहिल्या.

बारकाव्यांचा आणि स्वयंपाकघराचा संबंध तोवर फ्रीज उघडून बघणं आणि काही नाही म्हणून बंद करणं एवढाच होता. पण माणूस एकदा पेटला की पेटला. दुपारी पिशवीभर टोमॅटो आले, चिरले गेले, मिक्सरमधून निघाले. (मिक्सरचं झाकण हाताने दाबून धरायचं असतं, हे त्यांना पहिल्या फेरीनंतर आणि भिंतीला दुसऱ्या फेरीनंतर कळलं.) मग मोठं पातेलं गॅसवर चढलं. व्हिनेगर पडलं, साखर पडली, लसूण पडला. लवंगांनी सॉस टिकतो असं त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं. आपला सॉस चांगला वर्षभर टिकला पाहिजे, म्हणून त्यांनी लवंगांची बरणी पातेल्यावर पालथी केली.

नंतर ते डाव घेऊन उभे राहिले आणि ढवळता ढवळता चव बघू लागले. इतक्या वेळा बघितली, की संध्याकाळपर्यंत लवंगांनी त्यांची जीभ, टाळू आणि अर्धे ओठ पार बधिर करून टाकले. शेवटच्या चमच्याला त्यांना गोड, आंबट, तिखट काहीच लागलं नाही. चव इतकी समतोल साधली आहे, की कुठलीच पुढे येत नाही, असा त्यांनी त्याचा अर्थ लावला.

रात्री जेवताना बटाट्याच्या तळलेल्या कापांबरोबर सॉस वाढला गेला. रंग विटेसारखा होता आणि वास दातांच्या दवाखान्यासारखा. मुलीने एक घास खाल्ला आणि पाणी प्याली. आणखी पाणी प्याली. बायकोने डोळे मिटून गिळलं.

"कसा झालाय?" बारकाव्यांनी विचारलं. बधिर ओठांमुळे ते 'कचा झालाय' असं ऐकू आलं.

शेवटी सासूबाईंनी व्रत मोडलं. "वेगळा आहे," त्या म्हणाल्या.

ते ऐकून बारकाव्यांची छाती फुगली. झोपायला जाताना ते चक्क शीळ घालत होते. बायको ती शीळ ऐकत अंथरुणात पडून राहिली. ऑफिसातून रोज चेहरा पाडून येणारा हा माणूस शेवटचा कधी असा खुशीत होता, ते तिला आठवेना. सकाळी ते आंघोळीला गेल्याबरोबर तिने मुलीला कोपऱ्यावरच्या दुकानात पिटाळलं, घरचा सॉस मोरीत ओतला आणि त्याच बाटल्यांत दुकानातला भरून ठेवला.

नाश्त्याला बारकाव्यांनी पावाला सॉस लावला, घास घेतला आणि चावता चावता थांबले.

बायकोने घाईघाईने चहा पुढे सरकवला.

"मुरला," ते म्हणाले. "काल जरा कच्चा होता, मला कळत होतं. आता बघ कसा मुरलाय. टोमॅटो म्हणजे टोमॅटो लागतोय. कुठे हा, आणि कुठे तो भोपळा."

मुलगी चहा पिता पिता ठसकली.

त्यानंतर महिनाभर सुख होतं. बारकावे रविवारी सॉस करत आणि सोमवारी त्यांची बायको तो बदलत असे. त्यांनी एवढ्यावर थांबायचं, पण ते डब्याबरोबर बाटली ऑफिसला नेऊ लागले. जेवणाच्या सुट्टीत चमचा चमचा वाढत आणि बाहेरच्या सॉसची कुळकथा सांगत. एक दिवस साहेबांनी आपल्या डब्यातला वेफर त्यात बुडवला.

"वा, बारकावे," साहेब म्हणाले. "घरचं ते घरचं. नातवाचा वाढदिवस आहे येत्या रविवारी. डझनभर बाटल्या द्याल?"

सतरा वर्षांत साहेब त्यांना 'वा' म्हणाले नव्हते. बारकाव्यांनी डझनभर कबूल केल्या.

शनिवारी सुट्टी होती. सकाळीच पातेलं चढलं, आणि दुपारी टेबलावर बाटल्यांची रांग लागली. मग बारकावे साहेबांच्या घरी जायचं म्हणून केस कापायला गेले. न्हाव्याकडे ही गर्दी, तेव्हा तसेच परत फिरले. दार नुसतं लोटलेलं होतं. आत सासूबाई खुर्चीवर बसून नरसाळं धरत होत्या, बायको दुकानातला सॉस ओतत होती, आणि मुलगी त्यांच्या बाटल्या मोरीत रिकाम्या करत होती. शेवटची एकच राहिली होती.

कुणीच हललं नाही. नरसाळ्यातून सॉस तेवढा गळत राहिला.

"हे कधीपासून?" बारकाव्यांनी विचारलं.

"पहिल्या सोमवारपासून," बायको म्हणाली.

"म्हणजे साहेबांनी खाल्ला तो..."

"भोपळ्याचा," मुलगी म्हणाली.

"आणि माझा काय केलात?"

"सगळाच वाया नाही हो घालवला, जावईबापू," सासूबाई घाईने म्हणाल्या. "तांब्याचा बंब घासला. असा लखलखीत मी जन्मात पाहिला नव्हता."

बारकावे स्टुलावर बसले. बायको शेजारी येऊन उभी राहिली. "सांगणारच होते," ती म्हणाली. "पण तुम्ही शीळ घालत होतात हो. मग धीरच होईना."

त्यावर त्यांना रागवताही येईना. पातेलं आज लवकर उतरवल्यामुळे जीभ ताळ्यावर आली होती, म्हणून त्यांनी उरलेल्या बाटलीतला सॉस बोटावर घेऊन चाखला. डोळ्यांत पाणी आलं. ते अपमानाचं की लवंगांचं, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

"भरा," ते शेवटी म्हणाले. "पण ही एक राहू द्या. डझनभरात एक तरी माझ्या हातची जाऊ दे. इतक्या गर्दीत कुणाला कळतंय?"

बायको विरोध करणार होती, पण त्यांच्या तोंडाकडे बघून तिने झाकण घट्ट लावून ती बाटली इतरांच्या मधोमध ठेवली.

सोमवारी साहेबांनी केबिनमध्ये बोलावून घेतलं आणि दार लावायला सांगितलं.

"बारकावे, सॉस उत्तम होता. मुलांनी बाटल्या चाटूनपुसून साफ केल्या," साहेब म्हणाले. "एका बाटलीचं मात्र तुमच्याकडून खरं ऐकायचंय मला. मी स्वतः खाल्ला त्यातला. अजून एक गाल माझा आहे की नाही कळत नाही. आमच्या घरी सगळ्यांनी एका घासात ओळखलं. बाटली कमी पडली म्हणून तुम्ही ती बाहेरून विकत आणली, हो ना?"

बारकाव्यांनी एकदा साहेबांच्या सुजल्यासारख्या दिसणाऱ्या गालाकडे पाहिलं, एकदा स्वतःच्या पायांकडे.

"हो साहेब," ते म्हणाले. "एक कमी पडत होती."

"वाटलंच मला," साहेब खुर्चीत मागे रेलले. "पुन्हा असं करू नका. तुमच्या हातची चव आम्हाला आता लांबून कळते."