मुकाट खायचा नाही असा ठेचा

सोपानतात्यांच्या ओसरीवर ठेचा खायला बसलात तर एक नियम पाळावा लागतो. मुकाट खायचं नाही. नाक गळू दे, डोळे वाहू देत, कान तापू देत, पण सगळं आवाज करून. 'हाय हाय' करायचं, 'मेलो मेलो' म्हणायचं, वाटलं तर मांडीवर थापा मारायच्या. समोरचा गप्प दिसला की तात्या चवताळतात. "आवं, वरडा की! ठेचा खाताय का पोथी ऐकताय?"

दुसरा नियम बसण्याचा. पाहुण्यानं रस्त्याकडं पाठ करून, घराच्या उघड्या दाराकडं तोंड करून बसायचं. का, ते विचारायचं नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "आतनं वारं येतं." भर उन्हाळ्यात आमच्या पणदरे गावातल्या पत्र्याच्या घरातनं कसलं वारं येतंय, डोंबलाचं! पण तात्यांशी वाद घालणारा माणूस अजून जन्माला यायचाय, म्हणून मी गप बसलो.

माझं त्यांच्या घरासमोर मेडिकलचं दुकान आहे. मी स्वतः पित्ताचा माणूस. भाजीत मिरचीचा तुकडा नुसता दिसला तरी माझ्या छातीत जळजळायला लागतं. अशा माणसाच्या समोर देवानं नेमके सोपानतात्या आणून ठेवले, आता कुणाला बोल लावायचा! त्यांच्या ओसरीवरनं उठलेला माणूस सरळ रस्ता ओलांडून माझ्याकडं येतो आणि नुसता पोटावर हात ठेवतो. मीही काही न विचारता गोळी काढून देतो. गावात बोललं जातं की आमच्या दोघांची भागीदारी आहे.

तात्या उभा जन्म साखर कारखान्यात पॅनमन होते. उसाचा रस आटत आला की त्यातला थेंबभर पाक बोटांत घोळवून 'दाणा आला का' ते सांगायचं, हे त्यांचं काम. नाकातोंडात कायम गोड वाफ. त्यामुळं गोडाचा त्यांना असा वीट आलाय की चहासुद्धा बिनसाखरेचा घेतात. लग्नात कोणी जिलेबीचा आग्रह केला तर हात जोडतात. "लई बघितली साखर. जाऊ द्या फुडं."

बोटांची सवय मात्र सुटली नाही. ठेचा झाला की चिमूटभर उचलून अंगठ्यानं चोळतात, डोळे मिटतात आणि जाहीर करतात, "दाणा आला." मिरची स्वतःच्या बांधावरची, लवंगी. लोखंडी तवा, लसूण, जाडं मीठ, मूठभर शेंगदाणे, आणि रगडायला पितळी तांब्याचं बूड. बारामतीच्या पुतण्यानं हौसेनं मिक्सर आणून दिला, तो खोक्यासकट माळ्यावर गेला. "त्यात ठेचा न्हाय, चिखल व्हतो," एवढं म्हणून तात्यांनी विषय मिटवला.

आणि हा सगळा कारभार स्वयंपाकघरात नाही बरं का, पार गोठ्याच्या पलीकडं. चूल पेटवण्याआधी तात्या मूठभर भुसा हवेत सोडून वारा कुठला आहे ते बघतात. घराच्या दिशेला असेल तर चूल पेटवत नाहीत, वारा फिरेपर्यंत बिडी ओढत बसतात. गल्ली म्हणते, म्हाताऱ्याची नाटकं. मीही तेच म्हणायचो.

एकदा बारामतीहून सोलर पंप विकणारा एक एजंट आला. टाय लावलेला, शहाणासुरता. तात्यांनी त्याच्यापुढं भाकरी-ठेचा सरकवला. पहिल्याच घासाला बिचारा लालबुंद झाला, पण घरचे संस्कार आडवे आले! रुमालानं डोळे टिपत, ओठ आवळून त्यानं अख्खी भाकरी संपवली आणि वर म्हणाला, "छान आहे हं काका." तात्यांनी ताटली ओढून घेतली. "उठा! साधं 'हाय हाय' म्हनता येत न्हाय, पंप काय इकताय?" उलट आमचा वायरमन बाळू. तो पहिल्या घासाला असा बोंबलला की शेजारची म्हैस दावं तोडून पळाली. तेव्हापासून बाळूला त्या घरात जावयाचा मान आहे.

या सगळ्यात हिराकाकी कुठं, असं तुम्ही विचाराल. काकी म्हणजे तात्यांची बायको, माहेर कळंबचं. काकी आत असतात, दाराच्या आतल्या अंगाला, कॉटवर. मागच्या वर्षी त्यांच्या तोंडात गाठ निघाली. पुण्याला ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं. आजार हटला, पण तोंड आतनं सोलवटलं ते सोलवटलंच. मिरची राहू दे, मिठाची कणीसुद्धा झोंबते. मऊ भात आणि दूध, बस्स. डॉक्टरांनी बजावलंय, वजन आणखी घटलं तर नाकातनं नळी घालावी लागेल. काकींना त्या नळीची भयंकर धास्ती आहे, आणि तरी घास उतरत नाही. "चव न्हाय तर खायाचं कशाला," म्हणतात आणि वाटी सरकवतात.

ज्या घरात बायकोला मीठ सोसत नाही, त्याच घराच्या दारात नवरा रोज ठेचा वाढतो आणि लोकांना बोंबलायला लावतो! मला फार राग यायचा. म्हातारा इतका कसा निर्दय, असं वाटायचं.

एका दुपारी काकींचं औषध द्यायला मी मागच्या दारानं आत गेलो. ओसरीवर बाळूचं चाललं होतं, "आई आई आई! गेलो तात्या, पानी!" आणि आत काकी हसत होत्या. तोंड नीट उघडत नाही त्यांचं, पण खांदे गदगदत होते. हातात वाटी. एक चमचा भात, मग बाळूचं 'मेलो', मग हसू, मग पुन्हा चमचा. बघता बघता वाटी रिकामी झाली. मला बघून त्या जड जिभेनं म्हणाल्या, "ऐकलंसा? आज मिरच्या जादा पडल्यात. बाळ्याचा सूर बघा कुठं गेलाय."

मी औषधाची पिशवी घेऊन तसाच उभा. बाळू गेल्यावर तात्या आत आले, काकींच्या शेजारी बसले आणि त्यांनी स्वतःचं ताट पुढं ओढलं. ताटात तोच मऊ भात, बिनमिठाचा.

"तात्या, तुम्ही? ठेचा नाही घेत?"

"ती आळनी खाती आन मी हितं ठेचा चेपू व्हय?" तात्या खेकसले. "गप बसा की."

काकींचा डोळा लागल्यावर आम्ही ओसरीवर येऊन बसलो. तात्यांनी बिडी काढली, पण पेटवली नाही.

"लगीन झाल्यावर पयल्यांदा कळंबला गेलो," ते म्हणाले, "तवा मेव्हण्यांनी परीक्षा घेतली. ताटात ठेचा. हिनंच केल्याला. ही दाराआड हुबी. समदे टपून बसल्याले, जावई कवा रडतोय. मी काय रडतोय! आत आग पेटल्याली, पन तोंड सरळ ठिवलं आन म्हनलं, 'गोड हाय.' सोप्यातली समदी मानसं हसली. नाव झालं बघा माझं."

"मग?"

"मग त्ये नाव सोडवंना. घरी बी रोज तेच. ती मिरच्या वाढवत गेली, मी 'गोड हाय' म्हनत गेलो. त्यांच्यात रीत हाय, जेवनाऱ्याला ठसका लागला की घरच्या बाईनं गुळाचा खडा हातावर द्यायचा. ही रोज पदराआड खडा धरून माझ्यासमोर बसायची. मी कधी ठसका लागूच दिला न्हाय. माझं जेवन झालं की खडा परत डब्यात." तात्यांनी बिडी कानावर खोचली. "एकदा म्हनायचं व्हतं, आज लई तिखट झालंय. जीभ झडली असती का माझी? आता ती करू शकत न्हाय. आता लोकास्नी वरडाय लावतोय."

"मग आता तुम्हीच ओरडा की."

"आता कुठल्या तोंडानं वरडू?"

त्या रात्री घरी जेवताना मी बायकोला म्हणालो, "आमटी चांगली झालीय हं." तिनं घाबरून माझ्या कपाळाला हात लावून बघितला. पण जाऊ दे, ती गोष्ट वेगळी.

तेव्हापासून गोळ्या न्यायला आलेल्या माणसाला मी मुद्दाम विचारायला लागलो, "जेवण झालं का? नसेल तर समोर भाकरी मिळंल." अशी पुष्कळ माणसं मी तात्यांच्या हवाली केली. अगदी डॉक्टरांकडं निघालेलीसुद्धा. पण गाव किती मोठं असणार! हळूहळू लोक मागच्या बोळानं जायला लागले. त्यात बाळूची बदली झाली इंदापूरला. ओसरी ओस पडली. तात्या तांब्या घेऊन रस्त्याकडं बघत बसायचे आणि आतनं काकींची वाटी भरलेलीच परत यायची. गाल आत गेले त्यांचे. डॉक्टरांनी नळीचा विषय पुन्हा काढला.

परवा तात्या रस्ता ओलांडून दुकानात आले. "चला," म्हणाले.

"तात्या, मला पित्त आहे हो!"

"म्हायती हाय. खाऊ नका. नुसतं वरडा."

गेलो बापडा. दाराकडं तोंड करून बसलो, पुढं ताटली घेतली आणि सुरुवात केली. "हाय हाय! मेलो! तात्या, पाणी, पाणी!" मांडीवर थापासुद्धा मारल्या. शाळेच्या गॅदरिंगनंतर इतकं जीव तोडून काम मी कधी केलं नव्हतं. मला वाटलं, झकास जमलं.

आतनं काकींचा सावकाश आवाज आला, "मेडिकलवाले, तोंडात घास न्हाय तुमच्या."

मी ओशाळलो. तात्यांकडं बघितलं. तात्या दाराकडं बघत होते. मग त्यांनी माझ्यापुढची ताटली स्वतःकडं ओढली, भाकरी मोडली, ठेच्याचा भलामोठा गोळा उचलला आणि तोंडात घातला. कित्येक महिने आळणी खाल्लेली जीभ ती! पण सवय कुठं जाते? तोंड तसंच सरळ. मानेच्या शिरा फुगल्या, डोळे लाल झाले, पण ओठ मिटलेले. मला वाटलं, संपलं, आता हा म्हातारा परत 'गोड हाय' म्हणणार.

आणि तात्यांना ठसका लागला. खोकता खोकता ते दुमडले, डोळ्यांतनं धारा लागल्या आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असे ओरडले, "आई आई गं! मेलो गं हिरे! जळालो!"

आत कॉट करकरली. मग भिंतीवर हात घासल्याचा आवाज. ओसरीपर्यंत यायचं काकींनी केव्हाच सोडलं होतं. त्या दाराची चौकट धरून उभ्या राहिल्या, धाप लागलेली, आणि मूठ पुढं केली. मुठीत गुळाचा खडा होता. उशाशी कधीपासून ठेवला होता कोण जाणे.

चहात साखर न घालणाऱ्या तात्यांनी तो खडा दोन्ही हातांनी घेतला आणि तोंडात टाकला.

"तिखट हाय गं," ते म्हणाले. नाक गळत होतं, पुसायचं भान नव्हतं. "पन तुजा ह्यापरास तिखट असायचा. जीव जायचा माजा रोज."

काकी हळूच उंबऱ्यावर टेकल्या. दम खाल्ला.

"मग तवाच सांगायचं व्हतं की," म्हणाल्या. "किती वाट बघितली मी."

गूळ गालात धरून तात्या मान खाली घालून बसले. काकींनी मला आत बोट दाखवलं. मी भाताची वाटी आणून त्यांच्या हातात दिली. त्यांनी चमचा भरला, पण तोंडाशी नेला नाही. तात्यांकडं बघत थांबल्या.

तात्यांनी दुसरा घास मोडला.